पळसाखालचा दगड

कॅम्प मोताळा,
ता. ६ जानेवारी १९६४

ताई,

तुले आणि भाऊजीले सहदेवचा नमस्कार. अठी थंडी अशी पडली का सकाळी हातात पट्टी धरवत नाई.

खबर अशी आहे का आमचे टिपणीस साहेब चालले. चांद्याले बदली झाली. शुक्रवारच्या टपालात हुकूम आला, सव्वीस जानेवारीचं झेंडावंदन झालं का दुसऱ्या दिवशी निघायचं. बांधबंदिस्तीच्या ऑफिसात हिंमतराव क्लार्कानं हुकूम वाचून दाखवला. आमच्यातला जुना खलाशी पुंजाजी, दुर्बीण-तिवई वाहणारा पन्नाशीचा गडी, तो बाहीर जाऊन भितीकडे तोंड करून उभा राह्यला. शेवटी साहेबच गेले आणि म्हणाले, "पुंजाजी, चांदा काही लंकेत नाही. रेल्वे जाते तिथे." तं तो अजूनच रडला.

मागं तू विचारलं होतं का तुझं काम तरी काय. आता सांगतो. साहेब तिवईवर दुर्बीण ठेवतात. मी दोन वावरं पलीकडे चौदा फुटी पट्टी सरळ धरून उभा राह्यतो. तिच्यावरचे आकडे साहेब दुर्बिणीतून वाचतात, त्यावरून जमिनीचा चढउतार कळते, आणि त्या मापानं शेतात मातीचे बांध पडतात. बोलणं ऐकू जात नाई इतक्या लांब, म्हणून सारं हातानं. एक हात वर म्हणजे हलू नको. दोन्ही हात वर म्हणजे झालं, ये. चार वर्षं झाली, साहेब माझ्याशी तोंडानं कमी आणि हातानंच जास्त बोलले असतील.

गंमत पाह्य, त्या दुर्बिणीत सारं उलटं दिसते. झाडं खाली लोंबतात, बैल आभाळात पाय रोवून चालतात. काम आटोपलं का साहेब रोज विचारतात, "आज कोणाचा नंबर?" ज्याचं वावर त्याचा नंबर. मंग तो बाप्या नाईतं ती बाई डोळा लावते आणि आपलंच वावर उलटं पाहून हासत सुटते. कोणत्या साहेबानं असं केलं असतं, सांग बरं?

ताई, आता जे लिहितो ते वाच आणि कागद चुलीत टाक. टेंभीच्या शिवारातला झुंबरबाईचा बांध फुटला होता, आठवते? तीन वर्षांआधी आम्ही तो आखला, आणि त्याच पावसाळ्यात फुटला. बिचारी विधवा बाई, दोन एकराची माती वाहून गेली, विहीर गाळानं भरली. चौकशी झाली तं साहेबांनी लिहून दिलं, "चूक माझी." त्यांची बढती अटकली.

चूक त्यांची नव्हती. दुर्बीण एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी नेतात ना, तवा पट्टी त्याच दगडावर राह्यली पाहिजे, हलायचं नाई. मी बसक्या दगडावर उभा होतो. झुंबरबाईनं झोपडीतून ताकाले हाक मारली. तहान लागली होती, मी पट्टी आडवी टाकली आणि गेलो. आलो तं घाईघाईत पळसाखालच्या दगडावर पट्टी धरली. तो वीतभर उंच होता. झालं. तिथून पुढचा बांध वीतभर चढला, पाणी सारं खालच्या अंगाले धावलं आणि तिच्याच वावरात बांध फोडून निघालं.

तीन वर्षं हे पोटात आहे. आणि आता साहेब जायच्या आधी मले कायम करा म्हणून माझं नाव पाठवून राह्यले. कागद त्यांच्या टेबलावर आहे. सांगू का नको सांगू? सांगितलं तं नाव कापतील. नाई सांगितलं तं ते चांद्याले जातील आणि मी जन्मभर त्या दगडावर उभा.

तुझा,
सहदेव

*

पिंपळगाव राजा,
ता. १० जानेवारी

चि. सहदेव यास अनेक आशीर्वाद.

कागद चुलीत टाकला नाई. तुझ्या भाऊजीले वाचून दाखवला, राग येत असंल तं येऊ दे. मायबाई, तीन वर्षं! दिवाळीले आला तवा अनारसे चापत होता अन् हे पोटात घेऊन बसला होता? मी म्हणत होती, पोरगं वाळून काऊन राह्यलं. मले वाटलं एखादी पोरगी पसंत पडली असंल.

सांग. यात विचारायचं काय? ज्या माणसानं तुझ्यासाठी बढती घालवली त्याले तुझ्या तोंडून एक शब्द नको ऐकायले? तुझे साहेब मोठ्या मनाचे आहेत. त्यांनी तुले वाचवलं आहे रे, तुले कळत कसं नाई? त्यांले सारं ठाऊक आहे. दुर्बिणीतून तिकडचा आकडा दिसते अन् ताकाले पळणारा सहदेव दिसत नाई का?

हे म्हणतात का कायम होऊ दे आधी, मंग सांगावं, पत्रानं. मी म्हटलं, तुम्ही वांगेच विका. कायम होऊन मंग सांगशील तं ते सांगणं नाई, ते खिजवणं झालं.

अन् त्या झुंबरबाईचं काय? साहेबांसाठी तुझा जीव तुटते, ते बरोबर आहे. पण माती तिची गेली. तिच्यासाठी तू पत्रात एकच शब्द लिहिला, बिचारी. मले ते आवडलं नाई.

थंडीचं कान बांधून उभा राहत जा. लेकराचा खोकला आता बरा आहे. तुझी,
ताई

*

कॅम्प मोताळा,
ता. १७ जानेवारी

ताई,

तुझं पत्र तीनदा वाचलं. झुंबरबाईचं लिहिलं ते लागलं मले.

सांगायले गेलो होतो. मंगळवारी साहेब एकटेच होते, नकाशे गुंडाळत होते. मी दारात उभा राह्यलो. म्हणाले, "ये, सहदेव." मी आत गेलो. तोंड उघडलं, आणि ताई, माझ्या तोंडून काय निघावं? "साहेब, चांद्याले मच्छर लय आहेत म्हणतात." ते हासले. म्हणाले, "मग मच्छरदाणी घेतो." मी बाहीर आलो आणि विहिरीच्या कठड्यावर बसून स्वतःलेच शिव्या दिल्या.

काय आहे का, साहेबांच्या जवळ उभं राहून बोलायची मले सवयच नाई. दोन वावरं मधात पाहिजेत. मंग मले त्यांचं सारं समजते, हात कसा उचलला, टोपी कशी सारली, थकले का, खुशीत आहेत का. जवळ गेलो का काही सुचत नाई.

पहाटे एक सपन पडलं. साहेब आभाळात उलटे चालून राह्यले, डोक्यावर तीच पांढरी टोपी, अन् ती खाली पडत नाई. मागून झुंबरबाईची काळी माती पाखरांच्या थव्यावानी उडत चालली. मी खाली पट्टी धरून. म्हटलं साहेब मले दुर्बिणीत पाहतील तं मी सरळ दिसीन का उलटा? जागा झालो तं हात वरच होता, पुंजाजी म्हणे, काऊन बे, कोणाले थांबवून राह्यला?

आता ऐक, माझं नशीब कसं आहे. निरोपाचा कार्यक्रम ठरला. हारतुरे साहेबांले नको. भाषण तं नकोच. पुंजाजी म्हणाला रोडगे करू, कणकेचे गोळे आरात भाजून, वावरात. साहेब म्हणाले, "चालेल. पण टेंभीला, झुंबरबाईंच्या शेतात. बांध आखला त्या दिवशी त्यांचा नंबर होता, अंधारलं म्हणून राहिला. तेवढं देणं फेडून जातो." साऱ्या तालुक्यात दुसरं वावर नव्हतं! मी खाली पाहत राह्यलो. हिंमतराव म्हणे, सहदेव, तुले रोडगे आवडत नाईत काय?

ठरलं सव्वीसले दुपारी. भाऊजीले सांग, वांगे पाठवा एष्टीनं, मोठे, भाजीचे. साहेबांले पिंपळगावचे वांगे खाऊ घालायचे आहेत.

सहदेव

*

पिंपळगाव राजा,
ता. २१ जानेवारी

सहदेव,

कार्डावर इतकंच. शनिवारच्या सकाळच्या एष्टीनं वांग्यांची पाटी येईल, कंडक्टर इंद्रभान आपल्या ओळखीचा आहे, उतरून घेजो. हिरवे काटे सांभाळून.

तोंडानं होत नसंल तं दुसऱ्या कशानं सांग. पण सांग. अन् ह्या कार्डाचा उलगडा कोणी विचारला तं म्हणजो वांग्यांचं आहे.

ताई

*

कॅम्प मोताळा,
ता. २८ जानेवारी

ताई,

साहेब काल सकाळच्या गाडीनं गेले. त्यांची खुर्ची कोणी हलवली नाई.

आता परवाचं सांगतो. झेंडावंदन करून आम्ही बाराजण टेंभीले गेलो. झुंबरबाईनं आंगण सारवलं होतं. केवढी वाळली ती बाई! पण हासरी. गोवऱ्यांचा आर केला, पुंजाजीनं रोडगे भाजले, तुझ्या वांग्यांची भाजी अशी झाली का साहेब तीनदा मागून जेवले. म्हणाले, "हे वांगं चांद्याला कुठलं?" भाऊजीले सांग.

गाळानं भरलेली विहीर तिथंच होती, आमच्या पंगतीच्या बाजूले. मले घास उतरत नव्हता.

उन्हं कलली तवा साहेबांनी तिवई रोवली. म्हणाले, "झुंबरबाई, तुमचा नंबर. सहदेव, तू जा पट्टी घेऊन, म्हणजे त्यांना पाहायला काही तरी राहील." मी निघालो. हरभऱ्यातून चाललो, मऊ ऊन होतं, पाखरं बसत होती, आणि माझे पाय मले विचारल्याबिगर त्याच जागी गेले. बसका दगड अजून तसाच आहे. त्यावर पट्टी ठेवली.

तिकडे पाह्यलं तं माणसांचा घोळका, दुर्बिणीच्या तोंडाशी साहेबांची पांढरी टोपी. म्हणजे झुंबरबाईचं पाहून झालं, आता साहेबांचा डोळा लागला. ताई, मधात दोन वावरं होती. मले एकदम हलकं वाटलं. तू म्हटलं होतं ना, दुसऱ्या कशानं सांग.

पट्टी उचलली. चालत पळसाखाली गेलो, त्या उंच दगडावर पट्टी धरली. मंग पुन्हा बसक्या दगडावर. पुन्हा पळसाखाली. तीनदा केलं. मंग पट्टी आडवी टाकली, जशी त्या दिवशी टाकली होती, आणि तिथं उभं राहून दोन्ही हातानं कान धरले. मोठ्यानं म्हणालो, साहेब, मी हललो होतो. ऐकू कोणालेच गेलं नसंल. डोळ्यातून पाणी चाललं होतं, ते पुसायले हात मोकळा नव्हता.

टोपी हलली नाई. गंज वेळ हलली नाई. मंग साहेब टोपीसकट दुर्बिणीपासून बाजूले झाले. म्हणजे मले तसं वाटलं, लांबून काय कळते. आणि त्यांनी दोन्ही हात वर केले. झालं, ये.

मी पट्टी घेऊन आलो. झुंबरबाई झोपडीत गेली होती. साहेब म्हणाले, "उन्हात टोपी घालत जा, किती वेळा सांगितलं." बस. गाडीत चढताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. तिथंही काही नाई.

आता मले हे बी ठाऊक नाई का त्यांले समजलं का नाई. का वाटलं, सहदेव तमाशा करून राह्यला.

सहदेव

*

पिंपळगाव राजा,
ता. २ फेब्रुवारी

सहदेव,

तुझं पत्र मी दारात उभ्या उभ्या वाचलं, दूध उतू गेलं. शाबास रे माझ्या भावा.

समजलं असंलच त्यांले. कान धरलेला माणूस कोणाले समजत नाई? हे म्हणतात, आता कायम होत नाई हा. मी म्हटलं, न होऊ दे, अठी वांगे तोडायले येईल. तुले करमत नसंल तं ये चार दिवस. अन् एकदा झुंबरबाईकडे जाऊन ये. साहेबांले सांगितलं, ती राह्यलीच.

ताई

*

चांदा,
ता. २० फेब्रुवारी १९६४

चि. सहदेव,

अनेक आशीर्वाद. मच्छरदाणी घेतली. तू सांगितलंस ते खरं निघालं.

पत्राला उशीर केला, कारण काय लिहावं ते ठरत नव्हतं. सव्वीस तारखेचं तुला सांगायला हवं. त्या संध्याकाळी दुर्बिणीला माझा डोळा नव्हता. ऊन भिंगावर येत होतं म्हणून मी टोपी काढून आड धरली होती. टोपीखाली झुंबरबाई होत्या.

त्यांनी आधी हसून विचारलं, "साहेब, हा उलटा पोट्टा इकडून तिकडं काऊन करून राह्यला?" मी नुसत्या डोळ्यांनी पाहत होतो, मला तुझी काठीएवढी आकृती दिसत होती. मग त्या हसायच्या थांबल्या. "कान धरले त्यानं," म्हणाल्या. बराच वेळ डोळा काढला नाही. शेवटी माझ्याकडे न पाहताच म्हणाल्या, "मीच त्याले हाक मारली होती हो. ताकासाठी. कामावरच्या माणसाले हाक मारली, म्हणून बांध गेला माझा. तीन वर्षं कोणाले सांगितलं नाई." आणि म्हणाल्या, "उन्हात उभं आहे पोरगं. ये म्हणा त्याले." मी हात वर केले ते त्यांच्या सांगण्यावरून.

तू समजत असशील, मी तुला पाठीशी घातलं. तसं नाही, सहदेव. सव्वीस तारखेपर्यंत मला तुझा दगड ठाऊकच नव्हता. संध्याकाळी काम आटोपताना पहिल्या दगडावर परत येऊन आकडा जुळवायचा असतो. जुळवला असता, तर तुझी वीत तिथल्या तिथे सापडली असती. तीन वर्षांपूर्वी त्या दिवशी करकोच्यांची एक लांब रांग आली. मी दुर्बीण आभाळाकडे वळवली. दुर्बिणीत ते आमच्या पायांखालून उडत चालले होते, एखाद्या तळ्याच्या तळाशी उडावेत तसे. पाहता पाहता अंधारलं. आकडा जुळवला नाही, आणि झुंबरबाईंचा नंबरही राहिला. चूक माझी असं मी लिहून दिलं, ते खरं म्हणूनच लिहून दिलं. त्या बाईंच्या विहिरीजवळ जेवलो, तो घास मलाही जड गेला.

नवे साहेब गुलाबराव शिंगणे यांना मी सगळं लिहिलं आहे, तुझा दगड आणि माझे करकोचे दोन्ही. तुझं नाव मी मागे घेतलेलं नाही. पुढचं त्यांच्या हाती. त्यांना विनंती केली आहे की पावसाआधी टेंभीच्या बांधाची रेघ पुन्हा तपासावी.

पट्टी तूच धर. तुमच्याकडची वांगी इथे खरोखरच मिळत नाहीत.

तुझा,
वा. न. टिपणीस

*

कॅम्प मोताळा,
ता. ९ मार्च १९६४

ताई,

सोबत साहेबांचं पत्र पाठवलं आहे. वाच, भाऊजीले वाचून दाखव, आणि परत दे. हे चुलीत टाकायचं नाई.

ते आलं तवा मी ऑफिसामागच्या लिंबाखाली जाऊन वाचलं. पुन्हा वाचलं. मंग पुंजाजीसारखा भितीकडे तोंड करून उभा राह्यलो. तीन वर्षं मी समजत होतो हे ओझं माझ्या एकट्याचं आहे, आणि तिकडं ती बाई, इकडं साहेब, ज्याच्या त्याच्या घरी तेच घेऊन बसले होते. मी लेकाचा पट्टी तेवढी धरत होतो.

नवे साहेब कडक आहेत. मले बोलावलं, म्हणाले, "काम सोडून ताक प्यायला जाणाऱ्याला कायम करू?" मी म्हटलं, नका करू साहेब. ते टिपणीस साहेबांचं पत्र घडी घालत बसले. मंग म्हणाले, "नाव कापत नाही. एक वर्ष थांब. पाहतो." तं ताई, वर्षभर अजून रोजंदारी. मले वाईट वाटलं नाई, खरं सांगतो. थोडंसं वाटलं.

काल टेंभीले गेलो. नव्या साहेबांनी शिवेवरच्या पहिल्या दगडापासून सुरुवात केली. पळस सारा लाल झाला आहे, पानं एक नाई. मी बसक्या दगडावर पट्टी लावली. साहेबांनी आकडा घेतला, एक हात वर केला, हलू नको, आणि दुर्बीण उचलून पुढं निघाले.

तेवढ्यात झोपडीकडून हाक आली. "सहदेवाऽऽ! ताक घे रे, ताक!"

तोच आवाज, तीच वेळ. माझा गळा कोरडा पडला होता, पण मी जागचा हललो नाई. पट्टी दोन्ही हातानं घट्ट धरली. नुसती मान हलवली, तिले काय दिसणार म्हणा. पुन्हा हाक नाई आली. मले वाटलं रागावली.

मंग पाह्यलं तं ती हरभऱ्याच्या धुऱ्यावरून चालत येऊन राह्यली, डोक्यावर पदर, हातात तांब्या. हळूहळू, धापा टाकत. माझ्यापाशी आली. तांब्या वर करून तिनंच माझ्या तोंडाले लावला, कारण माझे दोन्ही हात पट्टीवर होते. अर्धं ताक सदऱ्यावर सांडलं. ती पदरानं माझी हनुवटी पुसत म्हणाली, "पी. हलू नको."

संध्याकाळी पहिल्या दगडावर परत येऊन साहेबांनी आकडा जुळवला. जुळला.

तुझा,
सहदेव